मुलगा कारपेंटर युनियनमध्ये चाललाय, पण नक्की कुठल्या कामाला?

पत्र थोडक्यात असं: न्यू जर्सीत राहणाऱ्या एक ताई. मिस्टर आयटीत, परळच्या चाळीत वाढलेले. मुलगा वीस वर्षांचा, इथेच जन्मलेला. काउंटी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दोन सेमिस्टर करून त्याने सोडलं आणि गेलं वर्षभर एका छोट्या कंत्राटदाराकडे ड्रायवॉल (जिप्समच्या बोर्डांच्या भिंती) लावतोय, पगार रोख, इन्शुरन्स वगैरे काही नाही. आता घरात कोणाला न विचारता त्याने कारपेंटर युनियनच्या अप्रेंटिसशिपला अर्ज केला, परीक्षा आणि इंटरव्ह्यू पास झाला, आणि तिथे त्याला विचारलंय की कुठल्या शाखेत जायचं ते कळव. त्याला पाइल ड्रायव्हर (पुलांच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकणारा) व्हायचंय, पुढे जाऊन पाण्याखाली काम करणारा डायव्हर. सासरे गिरणी कामगार होते, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, त्यामुळे युनियनचं नाव काढलं की मिस्टर जेवणावरून उठतात. डोंबिवलीहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "सुतारकाम करायला अमेरिकेत गेलात होय? ती कामं आपली नव्हेत." ताई विचारतात: यात भविष्य आहे का? कुठली शाखा सगळ्यात चांगली? आधी डिग्री पूर्ण कर असा हट्ट धरू का? आणि गणपतीत मंडळात लोक विचारतील तेव्हा काय सांगू?

ताई,

तुमच्या चार प्रश्नांपैकी दुसरा आधी घेते, कुठली शाखा हा, कारण बाकी तिन्हींची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत आणि घरात नेमकं त्यावरच कोणी बोलत नाहीये असं पत्रावरून दिसतंय. सगळे भांडतायत ते "सुतारकाम करू द्यायचं की नाही" यावर. आणि प्रत्येकाच्या डोक्यात सुतारकाम म्हणजे रंधा, पटाशी, भुसा आणि हॉलमध्ये चार दिवस ठोकाठोक करून कपाट बनवणारा मिस्त्री. तुमच्या मुलाला युनियनचं जे कार्ड मिळणार आहे ना, ते कार्ड खिशात असलेले कितीतरी जण महिनोन्महिने लाकडाला हातसुद्धा लावत नाहीत.

मी इथे एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटिंगला आहे, म्हणजे नकाशे बघून कुठल्या कामाला किती माणसं किती तास लागतील ते मोजायचं, त्यामुळे हे सगळं रोज कागदावर आणि अधूनमधून साइटवर बघते. समजा हॉस्पिटलची नवी विंग बांधायचीय. सगळ्यात आधी येतात फॉर्मवर्कवाले, आपल्याकडे सेंट्रिंगवाले म्हणतो ते. काँक्रीट ओतायचे साचे बनवायचे, उभे करायचे, नंतर काढायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण ओलं काँक्रीट घनफुटाला साधारण १५० पौंड भरतं, दहा फूट उंच कॉलम एका दमात भरला तर तळाशी दर चौरस फुटावर दीड हजार पौंडांचा दाब येतो आणि तिथे एक क्लॅम्प ढिला राहिला तर साचा फुटून सगळं काँक्रीट रस्त्यावर. नकाशा वाचणं, लेव्हल, ओळंबा, दाबाचा अंदाज हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असावं लागतं. हे काम उघड्यावरचं, जानेवारीत बोटं गोठतात, आणि उंचीवरचं.

मग येतात इंटिरिअर सिस्टिम्सवाले. तुमचा मुलगा वर्षभर जे करतोय ते याच शाखेतलं एक पान आहे. इथे लाकूड जवळजवळ नसतंच, पत्र्याचे स्टड, त्यावर जिप्समचे बोर्ड, वर फॉल्स सीलिंग. आग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून भिंत छतापर्यंत कशी बंद करायची, ऑपरेशन थिएटरची भिंत कुठली, एक्स-रे रूमच्या भिंतीत शिशाचा पत्रा कसा बसवायचा, हेही यांच्याकडेच. आणि यात मला स्वतःला फार भारी वाटणारा भाग म्हणजे चालू हॉस्पिटलमधलं काम. पलीकडच्या वॉर्डात केमोथेरपीचे पेशंट झोपलेत आणि अलीकडे भिंत तोडायचीय. जुन्या भिंतीतल्या, सीलिंगवरच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असू शकते, आपल्यासारख्याला काही होत नाही पण प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाच्या फुफ्फुसात ती जीवघेणी ठरते. म्हणून कामाच्या जागेला प्लास्टिकचा तंबू, आतली हवा फिल्टर लावून बाहेर खेचत ठेवायची म्हणजे दार उघडलं तरी हवा आत येईल, धूळ बाहेर जाणार नाही, चिकट चटयांवर बूट पुसून बाहेर यायचं, ढिगारा झाकून न्यायचा. यासाठी युनियनचं २४ तासांचं वेगळं ट्रेनिंग आहे आणि कितीतरी हॉस्पिटलं ते असल्याशिवाय माणूस आत घेत नाहीत. सासूबाईंना हे जरूर सांगा, सुतार म्हणून नव्हे तर हॉस्पिटलात काय करतात म्हणून.

याच विंगमध्ये फ्लोअर लेयर येतात. फरशीवाले म्हणून सोडून देऊ नका, हॉस्पिटलमध्ये व्हिनाइलची लांब शीट टाकून दोन शीटमधला सांधा गरम हवेने वितळवून बंद करावा लागतो, नाहीतर त्या फटीत जंतू. खालचं काँक्रीट किती ओलं आहे ते आधी मोजतात, घाई केली तर सहा महिन्यांत फुगे. आणि गुडघे. या शाखेत जो येईल त्याने गुडघ्याचे पॅड चैनीची गोष्ट समजू नयेत, एवढंच सांगते.

शेवटी कॅबिनेट आणि मिलवर्क, नर्सेस स्टेशनचे काउंटर, लॉबीतली लाकडी भिंत. हे सासूबाईंच्या कल्पनेतल्या सुतारकामाच्या सगळ्यात जवळ. वाकड्या भिंतीला काउंटर असा घासून बसवायचा की कागदसुद्धा मध्ये जाऊ नये, हात लागतो त्याला. पण कारखान्यात कपाटं बनवणारे आणि साइटवर बसवणारे यांचे करार बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात आणि कारखान्यातला दर सहसा कमी असतो, मुलांना हे आधी कोणी सांगत नाही.

हे झालं एका बिल्डिंगपुरतं. याच्या बाहेर मिलराइट आहेत, आणि ताई, मला विचाराल तर न्यू जर्सीतल्या आपल्या घरांना सगळ्यात कमी माहीत असलेली शाखा हीच. मशीन बसवणारी माणसं. पॉवर प्लांटमधले टर्बाइन, औषध कंपन्यांच्या पॅकिंग लाइन, विमानतळावरचे बॅगांचे पट्टे, पार्सलच्या गोदामातले कन्व्हेयर. पूर्वी पाणचक्क्या, पवनचक्क्यांचे दांडे आणि दातेरी चाकं लाकडाची असायची, ती करणारे सुतारच होते, चाकं लोखंडाची झाली तरी माणसं त्याच युनियनमध्ये राहिली. मोटर आणि पंप यांचे दोन दांडे एका रेषेत आणायचे तर फरक इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, डायल इंडिकेटर लावून किंवा लेझरने, मग मशीनच्या पायाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवत, बोल्ट थोडा आवळ, परत मोज, परत सैल कर. तुमच्या मुलाने इंजिनिअरिंग सोडलं ते गणित जमत नव्हतं म्हणून की वर्गात बसवत नव्हतं म्हणून, हे पत्रात नाही. दुसरं कारण असेल तर त्याने ही शाखा न बघता पाइल ड्रायव्हिंगवर टिक करू नये. लास वेगासला युनियनचं मोठं आंतरराष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे खऱ्या टर्बाइनवर शिकवतात. यातली गोम ही की पॉवर प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात ते मुख्यतः वसंतात आणि शरद ऋतूत, तेव्हा आठवड्याचे साठ-सत्तर तास, घरापासून लांब मोटेलात, आणि मध्ये कोरडे महिने. पॉवर प्लांटच्या वाटेला गेलेल्यांचं आयुष्य असंच चालतं, कारखान्यातल्या कामाला गेलेल्यांचं जरा बरं.

आता त्याच्या आवडीचं. तुमचे मिस्टर ट्रेनने न्यूयॉर्कला जात असतील तर हॅकेनसॅक नदीवरचा १९१० सालचा पोर्टल ब्रिज त्यांना चांगलाच माहीत असेल, बोटीसाठी उघडायचा आणि कधीकधी नीट बंदच व्हायचा नाही, मग माणसं घण मारून रूळ जाग्यावर बसवायची आणि दोन्हीकडच्या गाड्या खोळंबायच्या. त्याच्या शेजारी नव्या पुलाचं काम २०२२ मध्ये सुरू झालं. असल्या पुलाचा पाया नदीच्या गाळात घालणं हे पाइल ड्रायव्हरचं क्षेत्र. लोखंडी खांब हातोडा-मशीनने जमिनीत ठोकत न्यायचे, पोलादी पत्र्यांची भिंत पाण्यात उभी करायची, क्रेनखाली उभं राहून इशारे द्यायचे, वेल्डिंग तर करायचंच. गोंगाट, चिखल, थंडी. डायव्हर हे याच शाखेचं टोक. चित्रात दाखवतात तसं निळं पाणी विसरायचं, इथल्या बंदरांत खाली गेलं की स्वतःचा हात दिसत नाही, सगळं चाचपून करायचं. हवा पाठीवरच्या टाकीतून घेत नाहीत, वरून नळीने येते आणि ती नळी वरचा मदतनीस सांभाळतो, त्याला टेंडर म्हणतात. नवा माणूस आधी टेंडरच होतो. सगळ्यात घातक म्हणजे पाण्याच्या दाबातला फरक, धरणाचं किंवा पाइपचं तोंड पाणी ओढत असेल तर माणूस त्याला चिकटतो आणि मग कोणाच्या बापाला तो सोडवता येत नाही. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. कामं नियमांनी होतात आणि नियम कडक आहेत, पण मुलाने हे मोकळेपणाने तुमच्याशी बोलायला हवं आणि तुम्ही ते रडारड न करता ऐकायला हवं.

माझा सल्ला असा की डायव्हिंग स्कूलचे पैसे आत्ता भरू नका. ती शाळा वेगळी असते, खर्च वेगळा असतो आणि पाण्याखालचं काम वर्षभर नसतं, बरेच डायव्हर उरलेले दिवस वर डेकवर पाइल ड्रायव्हर म्हणूनच काढतात. म्हणजे ज्याला डेक आवडत नाही त्याने डायव्हर होऊ नये. आधी एक अख्खा हिवाळा डेकवर काढू दे. आणि एकाच मोठ्या प्रोजेक्टच्या भरवशावर शाखा निवडायची नसते हेही सांगा त्याला. न्यू जर्सीच्या समुद्रात पवनचक्क्या येणार, पाइल ड्रायव्हरची चांदी होणार असं सगळे म्हणत होते, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला ते करणाऱ्या डॅनिश कंपनीने ओशन विंड नावाचे दोन्ही प्रोजेक्ट गुंडाळले.

अजून दोन शाखा भर्रकन सांगते. रिफायनरीत पाइपांच्या जंगलात परांची बांधणारे स्कॅफोल्डवाले, आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये प्रदर्शनाचे स्टॉल एका रात्रीत उभे करणारे. दुसरं काम शरीराला बरं, पण तासांचा भरवसा नाही, शिवाय कुठलं काम कुठल्या युनियनचं यावर वाद चालूच असतात. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये कारपेंटर्सनी नव्या अटींवर मुदतीत सही केली नाही आणि तिथलं काम त्यांच्या हातून गेलं.

तर "सगळ्यात चांगली" कुठली? ताई, हा प्रश्न मला आपल्या दहावी-बारावीच्या सवयीचा वाटतो, मेडिकल वर, इंजिनिअरिंग त्याखाली, मग बाकीचे. इथे तशी उतरंड नाही. एकाच भागात शाखांचे तासाचे दर बरेचदा आसपासच असतात, फरक पडतो तो वर्षात किती तास काम मिळतं, घरापासून किती लांब, आणि पन्नाशीत शरीराचं काय झालेलं असतं यात. म्हणून त्याने शाखा निवडताना पगाराचा आकडा बाजूला ठेवून असं विचारावं: मला उघड्यावर आवडतं की आत? जोर लावायला की बारीक मोजायला? चार महिने मोटेलात राहीन का? दर काही महिन्यांनी नवी माणसं, नवा फोरमन चालेल का? वर्षभर ड्रायवॉल केलेल्या मुलाला यातली निम्मी उत्तरं आधीच माहीत असणार. नंतर शाखा बदलता येते, पण लोकल (युनियनचं स्थानिक युनिट) बदलतो, अप्रेंटिसशिपचे सगळे तास धरतीलच असं नाही, त्यामुळे आत्ताच नीट बघितलेलं बरं.

पैशाचं बोलू. सरकारी आकडा सांगायचा तर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कारपेंटरचा मधला वार्षिक पगार ५६,३५० डॉलर होता, त्यात युनियनचे आणि बिनयुनियनचे दोन्ही आले, सगळी राज्यं आली. न्यू जर्सीत युनियनचा दर याच्या बराच वर जातो. राज्याच्या लेबर डिपार्टमेंटच्या साइटवर प्रिव्हेलिंग वेजची, म्हणजे सरकारी कामांवर द्याव्या लागणाऱ्या दरांची यादी असते, काउंटीनुसार, कामानुसार, अप्रेंटिसचे टक्के सुद्धा, ती मिस्टरांना उघडून दाखवा. अप्रेंटिस सहसा पूर्ण दराच्या निम्म्याच्या आसपास सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने चढत चार वर्षांत पूर्ण दरावर जातो. शिकायची फी बहुतेक ठिकाणी नसते कारण प्रत्येक तासामागे कंत्राटदार ट्रेनिंगच्या फंडात पैसे भरतो, तसेच हेल्थ इन्शुरन्समध्ये आणि पेन्शनमध्ये. पण तासाचा दर गुणिले ऑफिसच्या वर्षाचे २,०८० तास हे गणित करू नका! समजा दर ५० डॉलर आहे, ऑफिसच्या हिशोबाने एक लाख चार हजार होतात, पण पाऊस, बर्फ, एक काम संपून दुसरं लागेपर्यंतचे आठवडे जाऊन १,५०० तास भरले तर ७५ हजार. पगारी सुट्टी आपल्या आयटीसारखी नसते. इन्शुरन्ससुद्धा तास भरले तर चालू राहतो, म्हणून किती तासांवर मिळतो आणि किती तास साठवता येतात हे पहिल्याच दिवशी विचारायचं. पेन्शनचा हक्क सहसा पाच वर्षं भरल्यावर पक्का होतो, म्हणजे तिसऱ्या वर्षी कंटाळून सोडणाऱ्याचं नुकसान होतं.

आता मिस्टर. ताई, त्यांच्या उठून जाण्याला हट्टीपणा म्हणू नका. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं, आणि ज्या घरांनी ते भोगलं त्या घरांत युनियन म्हटलं की विकलेली भांडी आणि गावाला पाठवलेली पोरं आठवतात. पण जरा शांतपणे बघितलं तर त्या वेळचा पेच वेगळा होता. कायद्याने मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगार गेले दत्ता सामंतांमागे, मालकांना गिरण्या चालवण्यापेक्षा जमिनीत रस वाढत गेला, आणि कामगाराचं सगळं, नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, ओळख, एकाच गेटच्या आत अडकलेलं. इथल्या कारपेंटरचं कुठल्याच एका मालकाशी लग्न लागलेलं नसतं. आज या कंत्राटदाराकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे, आणि इन्शुरन्स-पेन्शनचा फंड कुठल्याच कंत्राटदाराचा नाही, युनियन आणि कंत्राटदार दोघांचे ट्रस्टी मिळून तो चालवतात. एक कंपनी बुडाली म्हणून सगळं बुडत नाही.

याचा अर्थ सगळं गोड आहे असंही नाही आणि मी तसं मिस्टरांना सांगणार नाही, ते लगेच ओळखतील. संप इथेही होतात, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कारपेंटर्सनी केला होता, काही आठवडे चालला आणि करार होऊन मिटला. याच युनियनच्या न्यूयॉर्कमधल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये गुंडगिरी आणि भ्रष्टाचार इतका माजला होता की १९९४ पासून तिच्यावर कोर्टाची देखरेख आली. आणि खरी भीती संपाची नाही, मंदीची आहे. २००८ नंतर चांगले चांगले कारागीर घरी बसले होते. युनियन दर ठरवू शकते, बिल्डिंगा काढू शकत नाही.

मिस्टरांना पटवायचा प्रयत्न करू नका, त्यांना काम द्या. आयटीवाले आहेत, कागद वाचायची सवय आहे, मुलाला सांगा की त्या लोकलचा करार आणि बेनिफिटची पुस्तिका आण, आणि बाप-लेकांनी एका शनिवारी बसून ती वाचावी. काम नसेल तेव्हा नाव यादीत कसं लागतं, ड्यूज म्हणजे वर्गणी किती, पगारातून टक्के किती कापतात, दुखापत झाली तर काय. वडिलांना प्रश्न विचारायला मिळाले की त्यांचा अर्धा राग उतरतो असा माझा अनुभव आहे, आणि मुलालाही कळेल की बाबा उठून जातात ते त्याच्यावर चिडून नाही.

डिग्रीचा हट्ट. बघा, त्याने एकदा सोडलंय, तुमच्या शब्दाखातर परत जाऊन परत सोडेल तेव्हा दोन वर्षं, फीचे पैसे आणि तुमच्यातलं बोलणं तिन्ही जाईल. मुळात अप्रेंटिसशिप म्हणजे शिक्षण सोडणं हेच मला मान्य नाही, चार वर्षं वर्ग असतात, नकाशे, वेल्डिंग, सेफ्टी, परीक्षा, आणि काही ठिकाणी त्याचे कॉलेज क्रेडिटही मिळतात, ते मात्र विचारून घ्या. पुढे फोरमन, सुपरिंटेंडंट, ट्रेनर होता येतं. आमच्या ऑफिसात दोघं एस्टिमेटर आधी ड्रायवॉल लावायचे आणि भिंतीला किती तास लागतील याचा त्यांचा अंदाज माझ्या सॉफ्टवेअरपेक्षा बरा असतो. हट्टच धरायचा असेल तर वेगळा धरा: पंचेचाळिशीनंतर शरीर थकेल तेव्हा काय करणार याचा विचार आतापासून ठेव, वेल्डिंगचं सर्टिफिकेट असो, सर्वेची उपकरणं असोत, पुढे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचे संध्याकाळचे कोर्स असोत. आणि दुखणं दाबायला कोणी साइटवर गोळी देऊ केली तर घेऊ नकोस, ओपिऑइडने, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांनी, या धंद्यातली फार माणसं खाल्लीत, हे स्पष्ट शब्दांत सांगा, आडून नको.

सासूबाईंचं "ती कामं आपली नव्हेत" हे वाक्य तुम्ही पत्रात पटकन लिहून पुढे गेलात, पण मला तिथे थांबावंसं वाटलं. आपली म्हणजे कोणाची? हे जातीचं वाक्य आहे, बलुतेदारीतून आलेलं, आणि ते न्यू जर्सीच्या डायनिंग टेबलवर मुलासमोर बोललं गेलं तर ज्या पिढ्यान्‌पिढ्या सुतारांनी आपली घरं, देव्हारे, बैलगाड्या बनवल्या त्यांच्याबद्दल त्याला आपण काय शिकवतोय? सासूबाईंशी भांडू नका, त्यांचं वय झालंय. पण ते वाक्य तुम्ही स्वतः मंडळात गुळमुळीत करून पुढे चालवू नका. "सध्या कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटकडे वळतोय" वगैरे थापा मारल्यात तर मुलगा तिथेच उभा असेल आणि त्याला कळेल की आईला लाज वाटते. सरळ सांगा, कारपेंटर युनियनची अप्रेंटिसशिप करतोय, मिलराइटची किंवा ज्याची असेल त्याची. दोन जण तोंड वाकडं करतील, तिसरा बाजूला घेऊन विचारेल की आमच्याही मुलाचं कॉलेजात मन लागत नाही, अर्ज कुठे करायचा. मग सांगता येईल, की युनियनच्या आपल्या भागातल्या रीजनल कौन्सिलचं एक ऑफिस एडिसनमध्येच आहे, जिथे आपण ओक ट्री रोडवर मिठाई आणायला जातो त्याच गावात.

अशीच पत्रं अजून आलीत म्हणून बाकीच्यांसाठीही थोडं. मुलं एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असतील तर त्यांना काम करता येत नाही, त्यामुळे अप्रेंटिसशिपही नाही, आधी वकिलाशी बोला. मुलीसाठी विचारणाऱ्या आईबाबांना: मुली कमी आहेत पण आहेत, याच युनियनमध्ये सिस्टर्स इन द ब्रदरहूड म्हणून महिलांचा गट आहे, ट्रेनिंग सेंटरला गेलात की त्यातल्या कोणाशी तरी बोलायला मागा आणि साइटवर वेगळं टॉयलेट असतं का असले प्रश्न बिनधास्त विचारा. कॅनडातल्यांनो, हीच युनियन तिकडेही आहे, पण तुमच्याकडे कारागिरांची रेड सील नावाची परीक्षा आणि प्रांताचे नियम वेगळे, वरचे आकडे तुम्हाला लागू नाहीत. आणि पस्तिशीतल्या ज्या दादांनी विचारलंय की उशीर झाला का, वय आडवं येत नाही, पण पहिल्या वर्षाच्या निम्म्या दरात घराचा हप्ता बसतोय का ते आधी बघा.

तर ताई, शाखा कळवायच्या आधी मुलाला ट्रेनिंग सेंटरला फोन करून जायला सांगा आणि इंटिरिअर, मिलराइट, पाइल ड्रायव्हिंग या तिन्हींतल्या निदान एकेका तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या अप्रेंटिसशी बोलू द्या. इन्स्ट्रक्टरपेक्षा ती पोरं खरं सांगतात, गेल्या बारा महिन्यांत किती तास भरले हे त्यांनाच विचारायचं. जमलं तर तुम्हीही जा, बाहेर गाडीत थांबलात तरी चालेल. गाडीचं लायसन्स चालू आहे ना बघा, सकाळी साडेपाचला जिथे ट्रेन जात नाही तिथे पोचावं लागतं. ड्रग टेस्ट होईल, आणि न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो म्हणून टेस्टमध्ये चालेल असं त्याने धरून चालू नये, शिवाय तो अजून एकवीसचाही नाही. सध्याच्या कंत्राटदाराकडचं रोखीचं काम सोडताना त्याचं किती येणं बाकी आहे ते आधी लिहून काढून मागून घेऊ दे, एकदा गेल्यावर तसले पैसे हातात येत नाहीत.